जुलैत घेतलेला पिचर

बाबा, आपल्या बेसबॉल टीमनं एक नवा पिचर घेतला. अर्धा सीझन संपल्यावर, जुलैच्या मध्यावर. मंगळवारी सकाळी मी फार्मसीत पोचून कोट चढवत होते, तेव्हा फोनवर बातमी आली. डावखुरा आहे, चौतीस वर्षांचा, शेवटच्या एक-दोन इनिंगपुरता बॉल टाकायला उतरणारा. मागचं अख्खं वर्ष तो खेळला नाही, कारण त्याला खेळू दिलं नव्हतं. एका हॉटेलच्या पार्किंग लॉटमध्ये त्यानं बायकोला मारलं होतं. कॅमेऱ्यात दिसलं म्हणून बाहेर आलं. पुढे बायकोनं तक्रार मागे घेतली, केस संपली, जुन्या टीमनं त्याला सोडून दिलं आणि कित्येक महिने त्याला कोणी विचारत नव्हतं. आपल्यांनी विचारलं. जनरल मॅनेजर माइकसमोर बसून म्हणाला की आम्ही कसून चौकशी केली आहे, अनेक लोकांशी बोललो आहोत, हा आता बदललेला माणूस आहे. त्याला जागा करून द्यायला ज्या तरुण पिचरला खालच्या लीगमध्ये पाठवलं, त्यानं एप्रिल-मेमध्ये आपली लाज राखली होती. म्हणजे नुसता खेळ बघितला तरी हा मूर्खपणाच. पण मला खेळाबद्दल लिहायचं नाहीये. किंवा तेवढ्याबद्दलच लिहायचं नाहीये.

आई आता चौऱ्याऐंशीची आहे. वेस्ट विंडसरच्या त्याच घरात आम्ही दोघी राहतो. संध्याकाळी मी घरी आले तर ती टीव्हीसमोर भेंडी पुसत बसली होती आणि त्याचा फोटो दाखवत होते. ती म्हणाली, "याला कशाला घेतलं?" मी म्हटलं, हरतायत म्हणून. तिनं पुढची भेंडी उचलली. "मग हरू देत की," म्हणाली.

मला तुमचं पत्र आठवलं. मी पाचवीत होते. तेव्हाही सीझनच्या मध्येच आपल्या टीमनं एक पिचर घेतला होता. तो हातमोज्यात सँडपेपरचा तुकडा लपवायचा आणि बॉलची एक बाजू घासायचा, म्हणजे बॉल हवेत वेडावाकडा वळायचा. दोनदा पकडला गेला होता. तुम्हाला अमेरिकेत येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. आपल्या रस्त्यावर आपण एकटेच देशी. लॅबमध्ये जेवताना लोक काय बोलतात ते कळावं म्हणून तुम्ही बेसबॉल शिकलात आणि मग त्यांच्यापेक्षा जास्त त्यात गुंतलात. त्या शनिवारी तुम्ही मला लॅबमध्ये घेऊन गेलात. लॅब बंद होती, सगळीकडे प्लॅस्टिकच्या पाइपांचे तुकडे आणि त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. कोणता जोड किती प्रेशरला फुटतो हे तपासणं तुमचं काम. सेक्रेटरीच्या टेबलावर इलेक्ट्रिक टाइपरायटर होता. तुम्ही दोन बोटांनी टाइप करत होता, मी शेजारच्या फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरत होते. टीमच्या मालकाला तीन पानी पत्र. चुकलेल्या अक्षरांवर तुम्ही पांढरं औषध लावायचात आणि ते वाळेपर्यंत मला मराठीत सांगायचात की वर काय लिहिलंय. एक वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. तुम्ही म्हणालात, मी त्याला लिहितोय की आपण कोणाला आपल्या शेजारी जेवायला बसवतो यावर आपण कोण ते ठरतं. मला ते फार आवडलं. स्टॅम्प मी चिकटवला.

उत्तर म्हणून टीमच्या फोटोचं एक छापील कार्ड आलं, खाली पुढच्या मॅचेसचं वेळापत्रक. तुम्ही ते कचऱ्यात टाकलंत आणि तो सीझन आपण स्टेडियमवर गेलो नाही. रेडिओ मात्र लागायचा, स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवलेला. पण तो सँडपेपरवाला मैदानात उतरला की तुम्ही उठून रेडिओ बंद करायचात. त्याची इनिंग संपेल असा अंदाज बांधून पुन्हा लावायचात. मधली ती दहा-पंधरा मिनिटं आपण तिघं गप्प बसायचो. आई पोळ्या लाटत असायची, मी स्कोअरची वही पुढ्यात घेऊन पेन्सिल धरून. त्या रकान्यात काय लिहू असं मी एकदा विचारलं तर तुम्ही म्हणालात, रिकामं ठेव. आपल्यासाठी ती इनिंग झालीच नाही. माझ्या अमेरिकेत वाढलेल्या मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्या हसतात, यू हॅड द कूलेस्ट डॅड, म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. मला वाटायचं की माझा बाप कोणालाही घाबरत नाही.

स्कोअर लिहायलाही तुम्हीच शिकवलंत. फील्डरच्या हातून सुटलेला बॉल मी एकदा बॅटरची हिट म्हणून लिहिला, कारण तो फील्डर मला आवडायचा. तुम्ही वही ओढून घेतलीत, खोडरबर हातात दिलंत आणि म्हणालात की चूक असेल तिथे चूकच लिहायची, ती कोणाची आहे हे बघायचं नाही. मी रडले. आईनं तुम्हाला सांगितलं की लहान आहे ती, तर तुम्ही म्हणालात की लहान आहे म्हणूनच.

मग मी चोवीस वर्षांची झाले आणि माझं लग्न झालं.

स्थळ काकांच्या ओळखीतलं. तुमच्या लॅबमधले, तुमच्याबरोबर प्रत्येक मॅचला येणारे काका. मुलगा पुण्याचा, स्टेट कॉलेज नावाच्या गावात पीएचडी करत होता, बोलायला गोड. आपल्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं तुमच्याशी दोन तास बेसबॉलवर गप्पा मारल्या. नंतर मला कळलं की तो येण्याआधी आठवडाभर पेपर वाचून पाठ करून आला होता. तुम्ही इतके खूश झाला होतात की त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलात आणि परत यायला तुम्हाला अर्धा तास लागला.

स्टेट कॉलेजच्या त्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये सातव्या महिन्यात त्यानं मला पहिल्यांदा मारलं. त्याचे लॅबमधले मित्र जेवायला आले होते, त्यांच्यासमोर मी त्याच्या गाइडची नक्कल केली, सगळे हसले. तोही हसला. सगळे गेल्यावर त्यानं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो कॅम्पसची बस पकडून गेला आणि मी गाडी घेऊन सरळ घरी आले, चार तास, एकदाही न थांबता. आईनं मला बघितलं आणि काही न विचारता बर्फ काढला. तुम्ही संध्याकाळी आलात. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत आणि हात धुवायला गेलात. पाण्याचा आवाज खूप वेळ येत होता.

तिसऱ्या दिवशी तो आला. हातात फुलं वगैरे नव्हती, त्याला तेवढी अक्कल होती. तुमच्या पाया पडला. माझ्याकडून चूक झाली, म्हणाला, पुन्हा होणार नाही. तुम्ही त्याला उठवलंत. आईला पुऱ्या करायला सांगितलंत. बाबा, तुम्ही त्याला तुमच्या शेजारी जेवायला बसवलंत. त्याच्या ताटात आग्रहानं पुऱ्या वाढल्यात. मी समोर बसले होते, डावा गाल अजून पिवळाजांभळा होता, आणि तुम्ही दोघं त्या वर्षी आपली टीम प्लेऑफला जाईल का यावर बोलत होता. तो म्हणाला, पिचिंग कमी पडतंय. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे. आई पुऱ्या तळून झाल्या तरी गॅसपाशीच उभी होती. ती त्या दिवशी टेबलाशी आली नाही.

नंतर गॅरेजमध्ये, तो गाडीत बसलेला असताना, तुम्ही मला बाजूला घेतलंत. खरं सांगते, मला वाटलं होतं की आता तुम्ही म्हणाल, जाऊ नकोस. तुम्ही म्हणालात, "त्यानं चूक कबूल केली आहे. माणसाला एक चान्स द्यायला हवा. लोक काय म्हणतील म्हणून सांगत नाहीये, तुझ्यासाठी सांगतोय." तुम्ही माझी बॅग उचलून डिकीत ठेवलीत. अगदी काळजीपूर्वक, आत आईनं दिलेली लोणच्याची बाटली होती म्हणून.

तीन महिन्यांनी माझ्या डाव्या कानाचा पडदा फाटला. कशावरून, ते आता मलाही नीट आठवत नाही. दुपारची वेळ होती, बाहेर मुलं फ्रिस्बी खेळत होती, एवढं आठवतं. कानातून कोमट काहीतरी मानेवर आलं. मी शेजारच्या कोरियन मुलीकडे गेले, तिनं मला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि तिथल्या नर्सनं बायकांच्या शेल्टरचा नंबर दिला. शेल्टरच्या ऑफिसमधून मी घरी फोन केला. तुम्ही उचललात. मी म्हटलं, बाबा, मी बोलतेय, त्यानं पुन्हा मारलं. तुम्ही म्हणालात, "थांब, आईला देतो."

मी तो फोन आजवर शेकडो वेळा मनात पुन्हा केला असेल. प्रत्येक वेळी तुमच्या तोंडी एखादं वेगळं वाक्य घालून बघते. कोणतंही चालेल. कुठे आहेस, एवढं म्हणाला असतात तरी पुरलं असतं. सँडपेपरवाल्या पिचरसाठी तीन पानं, दोन बोटांनी, पांढरं औषध लावून लावून. माझ्यासाठी तीन शब्द.

तुम्ही नाही आलात. आई आली. आई, जी तोवर एकटी ग्रोसरीला सोडून कुठे गेली नव्हती, जिला ड्रायव्हिंग येत नव्हतं, जी फोनवर इंग्लिशमध्ये कोणी बोललं की रिसीव्हर तुमच्याकडे द्यायची, ती बसनं आली. फिलाडेल्फियाला बस बदलून. कागदावर मोठ्या अक्षरात गावाचं नाव लिहून घेतलं होतं, तो कागद तिनं ड्रायव्हरला दाखवला. खांद्याला पर्स, हातात डबा. शेल्टरमध्ये तिनं माझ्याबरोबर तीन दिवस काढले, तिथल्या बायकांना भात करून घातला आणि कोरियन मुलीला घेऊन अपार्टमेंटमध्ये जाऊन माझे कपडे आणि कागदपत्रं आणली. तो घरात होता का, काय म्हणाला, तिनं कधीच सांगितलं नाही. मग मी गाडी चालवली, ती शेजारी बसली. आम्ही घरी पोचलो तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. बॅग घेतलीत. विचारलंत, "जेवलात का?"

त्यानंतर तेरा वर्षं तुम्ही जगलात. डिव्होर्सचे कागद तुम्ही वकिलाकडे घेऊन गेलात, माझ्या फार्मसीच्या परीक्षेच्या वेळी पहाटे उठून चहा करून दिलात, आपण दोघं पुन्हा मॅचला जायला लागलो. वाढदिवसाला मला नवा रेडिओ दिलात. मी तुमच्या उजवीकडे बसले तर तुम्ही न बोलता उठून जागा बदलायचात, म्हणजे तुमचं बोलणं माझ्या चांगल्या कानावर पडेल. तेव्हा मला वाटायचं की हे असं जागा बदलणं म्हणजेच तुमचं बोलणं आहे. मी त्यावर भागवलं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यातही वाट बघितली. तुम्ही नर्सला कालच्या मॅचचा स्कोअर विचारलात.

आता गेल्या रविवारचं सांगते.

काका आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, काकू गेल्या, त्यांना गाडी चालवता येत नाही. दर वर्षी मी त्यांना एका तरी मॅचला घेऊन जाते. तुम्ही नाही तर निदान तुमचे मित्र, असं काहीसं असेल. बातमी आली त्याच दिवशी त्यांचा फोन आला होता. खूप उत्साहात होते. म्हणाले, आता प्लेऑफ नक्की. मी म्हटलं, काका, त्यानं बायकोला मारलंय. ते म्हणाले की ते जुनं प्रकरण आहे, तिनंच केस मागे घेतली, नवऱ्या-बायकोतलं आपल्याला काय माहीत, आणि माणसाला दुसरा चान्स द्यायला नको का. मी फोन ठेवायला हवा होता. पण त्यांनी तिकिटं आधीच मुलाकडून ऑनलाइन काढून घेतली होती आणि रविवारी मला दुसरं काही काम नव्हतं. मी गेले.

ऊन कडक होतं. काकांना टोपी घातली, त्यांची काठी पायाशी ठेवली, त्यांना माझ्या उजवीकडे बसवलं. सात इनिंग आपण चांगले खेळलो, एका रननं पुढे होतो. आठव्या इनिंगला, पिचर तयार होऊन थांबतात त्या बुलपेनचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. आपल्या मैदानावरची त्याची पहिलीच मॅच. मला वाटलं होतं, थोडी हुर्यो होईल, निदान शांतता तरी असेल. काही लोकांनी केलीही हुर्यो, पण ती बुडून गेली. लोक उभे राहिले, बाबा. ओळीच्या ओळी. आमच्या पुढे एक बाई होती, माझ्याच वयाची, बरोबर दोन मुली, तिघी उभ्या. काका काठी टेकत उठले आणि टाळ्या वाजवता याव्यात म्हणून काठी माझ्याकडे दिली. मी काठी धरून बसून राहिले. समोर सगळ्यांच्या पाठी, मैदान दिसत नव्हतं. त्यानं तिघांना ओळीनं बाद केलं, हे मला आवाजावरून कळलं.

काका खाली बसले, घाम पुसला, मला म्हणाले, "तू का नाही उठलीस?"

मी म्हटलं, "काका, मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. का, ते तुम्हाला माहितीये?"

त्यांना वाटलं मी विषय बदलला. तरी त्यांनी उत्तर दिलं, सहज. "हो, तुझ्या बाबांनी सांगितलं होतं ना. लहानपणी इन्फेक्शन झालं होतं तुला, इंडियात असताना."

मी पुन्हा विचारलं, केव्हा सांगितलं. ते म्हणाले, तुझा डिव्होर्स झाला त्या सुमाराला, इथेच, एका मॅचला. मीच तुझ्या बाबांना विचारलं होतं की पोरगी एका बाजूनंच का ऐकते, तेव्हा. आणि डिव्होर्सचं काय सांगितलं होतं, मी विचारलं. ते म्हणाले, स्वभाव जुळले नाहीत, दुसरं काय असणार, मुलगा तर चांगला होता.

मी त्यांना खरं सांगितलं. आवाज न चढवता, तारीखवार, फार्मसीत पेशंटला औषध कसं घ्यायचं ते सांगतात तसं. ते ऐकत राहिले. नववी इनिंग सुरू झाली होती, लोक ओरडत होते, काही शब्द मला दोनदा बोलावे लागले. ते शेवटी म्हणाले, "मला हे माहीत असतं तर..." म्हातारा माणूस, बाबा. परत यायला दीड तास लागला. त्यांच्या दारात उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मला नको होता, पण ठेवू दिला.

तुम्ही मित्राला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललात, हे मला समजतं. त्यांनी स्थळ आणलं होतं. किंवा लाज वाटली म्हणून बोललात, तेही समजतं. पण माझा कान तुम्ही इंडियात नेऊन ठेवलात. माझ्या बालपणात नेऊन ठेवलात, जिथे तुमची काही चूक नव्हती आणि त्याचीही नव्हती, कोणाचीच नव्हती. आणि नंतर माझ्या शेजारी जागा बदलून बसत राहिलात. मी त्या जागा बदलण्याला किती मोठं मानलं होतं. आता ते तरी कुठे शिल्लक ठेवलंत, असं रविवारपासून मनात येतंय.

आज शनिवार आहे. आई जेवून झोपली आहे. टीमला पत्र लिहावं म्हणून मी लॅपटॉप उघडला होता, मी घेऊन ठेवलेली सीझनची उरलेली तिकिटं नकोत, एवढंच लिहायचं होतं. ते लिहून झालं, दोन ओळीत. मग वही घेतली आणि तुम्हाला लिहायला बसले, आणि आता तीन पानं कधीच उलटून गेली आहेत. हे कुठे पाठवायचं नाहीये. आईलाही दाखवणार नाही, तिनं तिचं काम त्या बसनं येऊन केव्हाच केलं.

पण एक गोष्ट राहिली, आणि ती लिहिल्याशिवाय हे फाडताही येणार नाही. डिव्होर्सनंतर पाच वर्षांनी एका दुपारी घरी फोन आला होता. तुम्ही लॅबमध्ये होतात, आई देवळात. मिशिगनहून, ट्रॉयमधून एक काकू बोलत होत्या. त्यांच्या भाचीसाठी त्याचं स्थळ आलं होतं. फार संकोचानं बोलत होत्या, पुन्हा पुन्हा माफी मागत होत्या. म्हणाल्या, "तुला विचारणं बरं दिसत नाही ग, पण मुलीचा प्रश्न आहे. माणूस कसा आहे?" माझी सगळी वाक्यं तयार होती. पाच वर्षं मी ती मनात घोकली होती. आणि मी म्हणाले, "हुशार आहे. थोडा तापट आहे, पण मनानं वाईट नाही. आमचंच जमलं नाही." त्यांनी सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला. तुझ्याशी बोलून फार बरं वाटलं, म्हणाल्या. मी का तसं म्हणाले, मला आजही माहीत नाही. त्या मुलीचं लग्न झालं त्याच्याशी. पुढे तिचं काय झालं, हे मी कधी कोणाला विचारलं नाही.